पंगतीला दाखला लागत नाही
(साने गुरुजींच्या स्मृतीस वाहिलेले, मालाड येथे दिलेले व्याख्यान)



साने गुरुजींच्या स्मृतीस वाहावयाच्या या पुष्पासाठी विषय कोणता निवडावा, याचा विचार करीत असताना त्यांच्या चरित्रातील एक लहानसा प्रसंग माझ्या मनातून काही केल्या हलेना. कोकणातील पालगडचा हा मुलगा पुढील शिक्षणासाठी घाट चढून औंध संस्थानात गेला. तो तेथे कशासाठी गेला असेल? तेथील अध्यापक थोर होते म्हणून? तेथील ग्रंथसंग्रह विपुल होता म्हणून? औंधास गरीब विद्यार्थ्यांना शिक्षण मोफत मिळते आणि त्यांच्या जेवणाचीही सोय होते, असे एका सोबत्याने सांगितले, म्हणून तो गेला. तेथेही त्याचे हाल चुकले नाहीत. पुढे प्लेगची साथ आली, विद्यार्थ्यांना घरोघर परत धाडण्यात आले, आणि अखेर हा मुलगा पुण्यास येऊन, तेथेही पोटाला चिमटा घेत, १९१८ साली मॅट्रिक झाला. ज्या पुरुषाने पुढे अवघ्या महाराष्ट्राला मातृहृदयाची ओळख करून दिली, त्याच्या विद्यार्थिदशेतील पहिला प्रश्न कोणता ग्रंथ वाचावा हा नव्हता; आज कोठे जेवावे, हा होता.

अशा कथा आपण मोठ्या भक्तिभावाने सांगतो, आणि सांगता सांगता नकळत एक चूक करतो. भुकेने माणूस घडतो, असा त्या कथांचा अर्थ आपण लावतो. परंतु गुरुजी भुकेमुळे मोठे झाले नाहीत, भूक असूनही मोठे झाले. त्याच औंधास, त्याच पुण्यास, त्याच वर्षी, तितक्याच बुद्धीची जी मुले भुकेपुढे हात टेकून गावी परतली आणि ज्यांच्या वह्या कोनाड्यात पिवळ्या पडल्या, त्यांची चरित्रे कोणी लिहिली? आज मी बोलणार आहे ते त्या न लिहिलेल्या चरित्रांविषयी. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या ताटाविषयी.

आरंभीच एक आठवण सांगतो. पश्चिम उपनगरांत मी अनेक वर्षे अध्यापन केले. आमचा पहिला तास सकाळी सातच्या सुमारास असे. त्या तासाला न चुकता पहिल्या बाकावर बसणारी एक विद्यार्थिनी एके दिवशी परीक्षेच्या दालनात उत्तरपत्रिकेवर डोके ठेवून निपचित पडली. पाणी शिंपडले, साखर चारली, शुद्धीवर आली, तेव्हा मी विचारले, "बाळ, सकाळी काही खाल्ले होतेस का?" ती म्हणाली, "सर, आज माझा उपवास आहे." मी मान डोलावली आणि निघून गेलो. दिवस मंगळवारचा होता, म्हणून मला त्यात वावगे काही वाटले नाही. पुढे तिच्या मैत्रिणींकडून कळले की, तिचा उपवास बुधवारीही असे आणि शुक्रवारीही. महिन्याच्या अखेरीस तर तो रोजच असे. वडिलांचे काम सुटले होते, आईची धुणीभांड्याची दोन घरे कमी झाली होती, आणि घरात जे शिजे त्यातला पहिला वाटा धाकट्या भावंडांचा, असे या मुलीने आपल्या मनाशी ठरवून टाकले होते. मंडळी, त्या दिवशी मी एक प्रश्न अधिक विचारावयास हवा होता. तो मी विचारला नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या न विचारलेल्या प्रश्नाची फेड आहे, असे समजा.

विद्यार्थ्यांची भूक ओळखणे इतके कठीण का, याचे उत्तर 'उपवास' या तिच्या एका शब्दात आहे. भिकाऱ्याची भूक हात पसरते, तान्ह्या मुलाची भूक टाहो फोडते. विद्यार्थ्याची भूक मात्र एखादा सभ्य शब्द पांघरून बसते. कोणी म्हणतो उपवास आहे, कोणी म्हणतो भूक नाही, कोणी म्हणतो पित्त झाले आहे, आणि हल्लीच्या मुली म्हणतात, डाएट चालू आहे. खोलीवर राहणारी मुले म्हणतात, "आज मेसला खाडा आहे." हे शब्द कानी पडले असता आपल्या मनात शंका येते का?

आता मूळ विषयाकडे वळू. १९९६ साली रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या मान्य केली, तिचा आशय असा की, सर्व माणसांना, सर्व काळी, पुरेसे, निर्धोक आणि पोषक अन्न हाती येण्याची शाश्वती असणे म्हणजे अन्नसुरक्षा. त्या व्याख्येतील 'सर्व काळी' हे दोन शब्द मनात धरून ठेवा. आपल्या उपनगरांतील विद्यार्थी सहसा उपाशी मरत नाही. परंतु महिन्याच्या १० तारखेस दोन वेळा जेवणारा तोच विद्यार्थी २५ तारखेस एक वेळ जेवतो, आणि एक वेळ वडापाव व चहा यांवर भागवतो. पोट भरल्याचा भास होतो, अंगी मात्र काही लागत नाही. उद्याच्या जेवणाची ही अनिश्चितता म्हणजेच असुरक्षितता. आणि जे मन उद्याच्या ताटाचा हिशेब करीत असते, ते आजच्या प्रमेयावर कसे ठरावे?

आणि ही उणीव धान्याच्या टंचाईने आलेली नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बंगालच्या दुष्काळाची चिकित्सा करून असे दाखविले की, बाजारात अन्न असूनही माणसे उपाशी मरतात, कारण त्या अन्नावर त्यांचा हक्क चालत नाही. मालाड स्थानकाबाहेर पाऊल टाकावे तो फळांच्या गाड्या, फरसाणाची दुकाने, डोशाचे तवे यांनी रस्ता ओसंडत असतो. त्याच रस्त्याने मालवणीची बस पकडणारा, किंवा पूर्वेस कुरार आणि अप्पा पाड्याची टेकडी चढणारा विद्यार्थी रोज त्या अन्नाच्या दरवळातून जातो. अन्न त्याच्यापासून हातभर अंतरावर असते. हक्क मात्र फार दूर असतो.

हे विद्यार्थी कोण? मला ते तीन प्रकारचे दिसतात. पहिला, मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून आलेला, चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहणारा. दोन वेळची मेस परवडत नाही म्हणून तो एक वेळची लावतो. पुष्कळदा तर एकच डबा लावून दोघे जण तो वाटून खातात. दुसरा, याच उपनगरांतील वस्त्यांत आईबापांजवळ राहणारा; त्याला घर आहे, म्हणून तो कोणाच्याच नजरेस येत नाही. तिसरा, दिवसा किंवा रात्री कोठेतरी काम करून शिकणारा, दुचाकीवरून इतरांच्या दारी गरम जेवण पोचविणारा, आणि स्वतः मध्यरात्री थंड जेवणारा. या तिघांच्या अडचणी वेगवेगळ्या आहेत, म्हणून त्यांवरचा उपायही एकच असू शकत नाही.

माझा पहिला मुद्दा इतिहासाचा आहे. विद्यार्थ्याची भूक महाराष्ट्राला नवी नाही. तिला उत्तर देण्याची आपली परंपराही नवी नाही. पुण्यासारख्या शहरांत गरीब मुले माधुकरी मागून शिकत. झोळी घेऊन पाच घरी जावयाचे, आणि पडेल ते एकत्र करून खावयाचे. त्याहून थोडी बरी रीत म्हणजे वार लावून जेवणे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात वार सात उंबरठ्यांवर काढावयाचे. आणि एखादे घर गावाला गेले, की तो वार कोरडा. अशा मुलांच्या आधारासाठी १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले. तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. या परंपरेने अनेक पिढ्या तारल्या, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु तितक्याच स्पष्टपणे हेही मान्य केले पाहिजे की, हे उंबरठे बहुधा ब्राह्मणांच्या मुलांपुरते उघडे होते. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याने वार कोणाच्या घरी लावावा?

या प्रश्नाचे उत्तर वसतिगृहाने दिले. १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि पाठोपाठ निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी तेथे बोर्डिंगांची मालिकाच उभी राहिली. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग सुरू करून महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशा सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीस बसविली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या बोर्डिंगास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. त्या बोर्डिंगात एकदा शिधा संपला. तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी काय केले, हे तुम्ही जाणता. अंगावरचे दागिने आधीच गेले होते, त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही मुलांच्या धान्यासाठी दिले. सौभाग्यालंकार मोडून दुसऱ्यांची मुले जेवू घालणाऱ्या त्या माउलीने शिक्षणशास्त्राचा ग्रंथ लिहिला नाही. परंतु विद्यार्थ्याचे अन्न हा शिक्षणाचाच खर्च होय, हा सिद्धांत तिच्याइतक्या स्पष्टपणे अद्याप कोणी मांडलेला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. लंडनच्या वास्तव्यात सकाळी पावाच्या तुकड्यावर आणि रात्री पापडावर भूक भागवून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस काढणाऱ्या या विद्यार्थ्याने, स्वतः कर्ता पुरुष झाल्यावर, काय केले? मी उपाशी शिकलो, तुम्हीही उपाशी शिका, असा उपदेश केला नाही. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि दुसऱ्याच वर्षी सोलापुरास विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. पुढे १९५५ साली पुण्यात अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन करून ग्रामीण मुलांना आसरा दिला. या साऱ्या प्रवासाचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल: महाराष्ट्राने विद्यार्थ्याला उंबरठ्यावरून उठवून पंगतीत बसविले. उंबरठ्यावर उभा असलेला याचक असतो. पंगतीत बसलेला पाहुणा असतो, सोबती असतो. हा भेद मी पुन्हा पुन्हा मांडणार आहे, कारण माझे सारे म्हणणे त्याच एका भेदात आहे.

आता दुसरा मुद्दा. आज शासनाकडून साहाय्य मिळत नाही काय? मिळते, आणि ते लहान नाही. १९९५ च्या स्वातंत्र्यदिनी शाळेतील पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच दिले पाहिजे असा हुकूम केला, आणि खिचडीचे पातेले गावोगावच्या शाळांत शिरले. परंतु हा आहार आठवीपर्यंतचा. म्हणजे नववीच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्याचा वर्ग बदलतो, पुस्तके बदलतात, आणि जणू त्याची भूकही संपते. ती खरोखर संपते काय? उलट वाढीचे वय तेच, अभ्यासाचा भार अधिक, आणि घरातून निघण्याची वेळ पहाटेची. मुलाला जेवणाची गरज अधिक वाटू लागते, त्याच वयात पंक्तीतून त्याचे पान उचलले जाते.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने पात्र कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. ही मोठीच गोष्ट आहे. परंतु शिधापत्रिका कुटुंबाची असते. तिच्यामागे एक घर, एक चूल आणि शिजवणारे दोन हात गृहीत धरलेले असतात. बीड जिल्ह्यातील आईच्या पत्रिकेवर ज्याचे नाव आहे, आणि जो स्वतः मालाडच्या एका खोलीत पाच जणांत राहतो, जेथे घरमालकाने स्टोव्ह पेटविण्यास मनाई केलेली आहे, त्याने आपले ५ किलो धान्य कोठे शिजवावे?

२६ जानेवारी २०२० पासून राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात, १० रुपयांत. महामारीच्या काळात ती ५ रुपयांस, आणि काही काळ विनामूल्यही मिळाली. ज्यांनी त्या दिवसांत त्या रांगा पाहिल्या, ते या योजनेस कधी नावे ठेवणार नाहीत. त्या थाळीला कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही, हा तिचा फार मोठा गुण. परंतु ती दुपारच्या ठरीव तासांत मिळते, केंद्रागणिक तिची संख्या ठरलेली असते, आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक आणि केंद्राचे वेळापत्रक यांची गाठ पडेलच असे नाही. सकाळी सहाला घर सोडणाऱ्याची भूक दुपारपर्यंत थांबत नाही, आणि रात्रीच्या जेवणाला तर ही थाळी नाहीच.

राहता राहिल्या खास विद्यार्थ्यांसाठीच्या योजना. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, या ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही अशांसाठी आहेत. स्वाधारच्या आरंभी ठरलेल्या दरांत मुंबईसारख्या शहरासाठी भोजनाचा भत्ता वर्षास ३२,००० रुपये होता. भागाकार करून पाहा: दिवसास सुमारे ८८ रुपये, त्यात दोन वेळचे जेवण. पण रकमेचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवू. ती रक्कम येते केव्हा? प्रवेश व्हावा, अर्ज भरावा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, हजेरीचा दाखला जोडावा, छाननी व्हावी, मंजुरी यावी, आणि मग हप्ता खात्यात जमा व्हावा. फाईल थांबू शकते. पोट थांबू शकते काय? शिवाय ज्याचे घर त्याच शहरात आहे, त्याला ही योजना लागू नाही. म्हणजे मालवणीतील आठ बाय दहाच्या खोलीत सात जणांत राहणारी, अर्ध्या भाकरीवर महाविद्यालयात येणारी माझी ती विद्यार्थिनी, शासनाच्या दफ्तरी सुस्थित ठरते, कारण तिला घर आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवितो. २०१८ च्या ऑक्टोबरात शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. दुष्काळग्रस्तांना ज्या सवलती मिळतात, त्यांत जमीन महसुलात सूट असते, कर्जाचे पुनर्गठन असते, पाण्याचे टँकर असतात, आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीही असते. ही माफी योग्यच आहे. परंतु ज्या बापाच्या शेतात यंदा पेरलेले उगवले नाही, तो मुंबईतल्या लेकाला मेसचे पैसे कोठून धाडणार, हा विचार त्या यादीत नाही. परीक्षा माफीत द्यावयाची आणि परीक्षेपर्यंतचे चार महिने उपाशी काढावयाचे, याला सवलत म्हणता येईल काय?

तिसरा मुद्दा असा: पैसा द्यावा की ताट द्यावे? हा वाद अर्थशास्त्राच्या पुस्तकातला नाही, तो आपल्या रस्त्यांवर झालेला आहे. २०१८ साली आदिवासी वसतिगृहांतील भोजनालये बंद करून जेवणाची रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचे धोरण आले. त्यामागील हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. ठेकेदाराच्या जेवणाबद्दल विद्यार्थ्यांच्या तक्रारी होत्या, आणि त्या पुष्कळदा खऱ्या होत्या. तरीही त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, भर पावसात, आदिवासी विद्यार्थी आणि विद्यार्थिनी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी निघाल्या, आणि त्यांची मागणी काय होती? आमची मेस पुन्हा सुरू करा. हातात रोख रक्कम येत असताना तरुण मुले ती नको म्हणतात आणि पातेले मागतात, हे दृश्य विचार करावयास लावणारे नाही काय?

या मागणीत मोठे शहाणपण होते. रोख रक्कम हाती येते तेव्हा तिच्यावर सारे घर हक्क सांगते. गावी आई आजारी असते, बहिणीची फी राहिलेली असते, आणि जेवणाचे पैसे त्यात जातात, कारण घरात काटकसर करावयाची वेळ आली की पहिली कात्री स्वतःच्या पोटाला लावावी, हेच या मुलांना लहानपणापासून कळलेले असते. रक्कम उशिरा आली तर खानावळवाला उधारी किती दिवस चालवील? आणि मुलींनी खोलीवर स्वयंपाक करावयाचा म्हटले, तर अभ्यासाचे दोन तास चुलीपाशी गेले. ताटाचे तसे नाही. ताट घरी धाडता येत नाही, उसने देता येत नाही; ज्याच्यापुढे ठेवले त्याच्याच पोटात ते जाते. मी रोख मदतीच्या विरुद्ध नाही. घरभाडे, पुस्तके, प्रवास यांना रोखच हवी. परंतु अन्नाचे काम अन्नानेच होते.

चौथा मुद्दा सर्वांत नाजूक, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. तो आहे संकोचाचा. समजा, उद्या एखाद्या महाविद्यालयाने सूचनाफलकावर लिहिले की, 'गरजू विद्यार्थ्यांनी विनामूल्य भोजनासाठी कार्यालयात नावे नोंदवावीत.' किती नावे येतील? अठरा वर्षांच्या वयात माणूस उपाशी राहील, पण गरजू म्हणून वर्गमैत्रिणीच्या देखत रांगेत उभा राहणार नाही. तो अहंकार नव्हे. नुकताच अंकुरलेला स्वाभिमान आहे तो, आणि शिक्षणाने तो वाढवावयाचा असतो, खुडावयाचा नसतो. साहाय्य मागण्यासाठी ज्या क्षणी आपण विद्यार्थ्याला आपले दारिद्र्य सिद्ध करावयास लावतो, त्या क्षणी आपण त्याला पंगतीतून उठवून पुन्हा उंबरठ्यावर उभे करतो. झोळीऐवजी हातात दाखल्यांची फाईल असते, एवढाच फरक.

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असे समजू नका. जगातील अतिधनवान अशा अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठातील विद्यार्थ्यांना १९९३ साली स्वतःची अन्नपेढी काढावी लागली, आणि तशा पेढ्या आज तेथील शेकडो महाविद्यालयांत आहेत. तेथील सरकारी अन्नसाहाय्याच्या नियमांत पूर्णवेळ शिकणाऱ्याला, काही अपवाद सोडल्यास, आठवड्यास २० तास काम केल्याखेरीज ते साहाय्य मिळत नाही. म्हणजे जो मन लावून शिकेल त्याचेच ताट अडते. याउलट दक्षिण कोरियात अनेक विद्यापीठांतून विद्यार्थ्यांना १००० वॉनमध्ये, म्हणजे आपल्या साठ-सत्तर रुपयांत, सकाळची न्याहारी मिळते, आणि खर्चाचा उरलेला भार सरकार व विद्यापीठ उचलतात. ती न्याहारी गरिबाची म्हणून दिली जात नाही, विद्यार्थ्याची म्हणून दिली जाते. त्या रांगेत श्रीमंताचा मुलगाही असतो, आणि म्हणूनच गरिबाचा मुलगा मान वर करून उभा राहू शकतो.

पण हे शिकण्यासाठी आपणास कोरियास जावयास नको. गुरुद्वाऱ्यातील लंगरात कोणी कोणास जात विचारीत नाही, उत्पन्न विचारीत नाही. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना जेवू घालणारी गावे कोणाचा दाखला पाहतात? जो पंगतीत बसला तो जेवणार, हा आपल्या संस्कृतीचा अलिखित कायदा आहे. गिरणगावातील खानावळी आठवून पाहा. घरची माणसे कोकणात आणि देशावर ठेवून आलेल्या कामगारांना ज्या बायकांनी महिन्याच्या उधारीवर जेवू घातले, त्यांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. त्या खानावळवाल्या बाईला कोणी सांगावे लागत नसे की, आज अमुक गडी दोनच चपात्या खाऊन उठला. तिचे लक्ष असे. आपल्या महाविद्यालयांत प्रयोगशाळा आहेत, संगणककक्ष आहेत. कोण किती जेवले याकडे लक्ष ठेवणारी अशी एखादी नजर आहे काय?

तर मग येथे, या मालाडात, काय करता येईल? थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, प्रत्येक महाविद्यालयाने पहिल्या तासापूर्वी सर्वांसाठी न्याहारी ठेवावी. उसळ-पाव असो, उपमा असो, केळे आणि उकडलेले अंडे असो. दर नाममात्र, कूपन एकाच रंगाचे, आणि ज्याला तेही परवडत नाही त्याचे कूपन शिक्षकामार्फत गुपचूप त्याच्या हाती पडावे. दुसरी, हे काम ठेकेदाराऐवजी मालवणी-कुरारच्या महिला बचत गटांस द्यावे. म्हणजे ज्यांची मुले शिकत आहेत त्याच घरांत त्या पैशाचा काही अंश परत जाईल. तिसरी, मेसचालकांशी बोलून खाड्यांचा, म्हणजे पैसे भरूनही न घेतलेल्या जेवणांचा, उपयोग करावा. दिवाळीस किंवा परीक्षेनंतर गावी गेलेल्या मुलाने महिन्याचे पैसे भरलेलेच असतात. त्याने राजीखुशीने आपले चार-आठ खाडे एका सामाईक खात्यावर ठेवले, तर तेवढीच ताटे दुसऱ्या कोणापुढे जातील, आणि देणाऱ्याला घेणाऱ्याचे नावही कळणार नाही. चौथी, शिष्यवृत्तीचा हप्ता येईपर्यंतचे महिने निभावण्यासाठी महाविद्यालयांनी माजी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने बिनव्याजी उसनवारीचा निधी उभारावा. आणि पाचवी, शासनापाशी आपण एकमुखाने मागावे: थाळीची केंद्रे महाविद्यालयांच्या दारात आणि त्यांच्या वेळांत असावीत, दुष्काळाच्या सवलतींत परगावी शिकणाऱ्या मुलांचे भोजन यावे, आणि पोषण आहाराची मर्यादा आठवीच्या उंबरठ्यावर थांबू नये.

भगिनींनो आणि बंधूंनो, आता सारांश सांगून थांबतो. विद्यार्थ्याची भूक सभ्य शब्दांआड लपते, म्हणून ती शोधावी लागते. आपल्या थोरांनी उंबरठ्यावरच्या विद्यार्थ्याला पंगतीत आणले; त्या प्रवासात मागे फिरणे हा त्यांच्या कष्टांचा अवमान होय. शासनाचे साहाय्य मोठे आहे, परंतु ते आठवीनंतर तुटते, चूल गृहीत धरते, आणि उशिरा येते. अन्नाचे काम अन्नानेच होते. आणि जे साहाय्य माणसाला आपले दैन्य सिद्ध करावयास लावते, ते पोट भरले तरी मन रिकामे करून जाते.

साने गुरुजी पुढे अमळनेरच्या छात्रालयाचे प्रमुख झाले, तेव्हा मुलांचे कपडे ते स्वतः धूत, त्यांच्या खोल्या झाडीत, हे आपण सर्वांनी वाचले आहे. औंधास आणि पुण्यास ज्याने स्वतः भूक सोसली होती, त्या मुलाने मोठेपणी इतरांची चौकशी करण्याचे व्रत घेतले होते. तो मार्ग आपणांस मोकळा आहे. माझी ती विद्यार्थिनी पुढे पदवीधर झाली. परंतु त्या मंगळवारी तिच्याशी झालेले माझे संभाषण जेथे तुटले, तेथून ते पुढे नेण्याची संधी मला मिळाली नाही. तुम्हाला ती मिळेल. तुमच्या शिकवणीत, तुमच्या शेजारच्या खोलीत, तुमच्या मुलीच्या मैत्रिणींत कोणी जेवणाच्या वेळी हळूच म्हणेल, "नको, माझा आज उपवास आहे." तेव्हा कसला उपवास, असे तिला विचारू नका. दोन ताटे वाढा; एक तिच्यापुढे ठेवा, आणि दुसरे घेऊन तिच्या शेजारी जेवावयास बसा.